तास मोजू नकोस, पान मिटून बघ

'ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीपासून इंग्रजी. पीयूसी म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी. आता विद्यापीठात एम. ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी साडेसहाच्या बसने निघते, बेळगावात उतरून दुसरी बस धरते. साडेदहा ते दोन वर्ग असतात. मग लायब्ररीत जाते ती सातला उठते. घरी पोचायला नऊ-सव्वानऊ होतात. शनिवारी वर्ग नसले तरी जाते. डबा अकराच्या सुट्टीत खाते, नंतर घरी येईपर्यंत काही नसतं. एवढं बसून इंटर्नलला एका पेपरात वीसपैकी अकरा आणि दुसऱ्यात नऊ पडले. हॉस्टेलच्या मुली लायब्ररी बंद होईपर्यंत बसतात, वर रूमवर जाऊन वाचतात. एकजण मोबाईलवर घड्याळ लावते आणि आज किती तास झाले ते रोज स्टेटसला टाकते. ते बघितलं की पोटात गोळा येतो. परवा वडील म्हणाले, "दिवसभर लायब्ररीतच असतेस की, मग मार्क का पडंनात?" मला काही बोलता आलं नाही. मी तास वाढवू का? हॉस्टेलला राहू का? की माझ्यातच काही कमी आहे? माझं नाव छापू नका.'

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात घेऊन पुढचं वाचलंस तर त्यातलं काही आत शिरणार नाही. तुझ्यात काही कमी नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, रोज पाच-सहा तास बसमध्ये आणि बसस्टँडवर काढणारी मुलगी एम. ए.च्या वर्गात बसून इंग्रजीत पेपर लिहिते आणि वीसपैकी अकरा मिळवते, तिला बुद्धी कमी आहे असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. तास मात्र वाढवू नकोस. मी तर ते कमी करायला सांगणार आहे.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. देवघेवीच्या काउंटरवरून समोरचा वाचनकक्ष सबंध दिसतो. दुपारी अडीचला मुली यायच्या, पंख्याखालची जागा धरायच्या, बाटली, पाऊच, हायलायटर मांडून ठेवायच्या. पहिला पाऊण तास उत्तम जायचा. मग पानं उलटण्याचा वेग मंदावायचा. साडेतीनच्या सुमाराला पुस्तकात पिवळ्या रेघा वाढायला लागायच्या, कारण हात चालू असला की अभ्यास चालू आहे असं वाटतं. चारनंतर तेच पान, तोच परिच्छेद, डोळे ओळीवरून जाताहेत आणि मन कुठेच नाही. तरी कोणी उठायचं नाही, कारण शेजारची उठलेली नसायची. आळशी मुलींचं सांगत नाही हं मी. सगळ्यात कष्टाळू मुलींची ही गत व्हायची, आणि निकाल लागला की त्याच काउंटरपाशी येऊन रडायच्या. 'मॅडम, सगळं वाचलं होतं, पेपरात आठवलंच नाही.' हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की तुझं पत्र अर्ध्यावर वाचतानाच ते मला ऐकू आलं.

सगळं वाचलं होतं हे खरंच असतं. तेच पान तिसऱ्यांदा वाचलं की ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला ते येतं असं मन समजतं. 2006 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी याची नीट परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना 81 टक्के मजकूर आठवला आणि लिहून काढणाऱ्यांना 75. पण आठवड्याने विचारलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांचे राहिले 42 टक्के आणि लिहून काढणाऱ्यांचे 56. तुझी इंटर्नल काही पाच मिनिटांनी नसते. पुढे 2013 साली डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. पुन्हापुन्हा वाचणं आणि रेघा मारणं या दोन्ही सगळ्यात कमी उपयोगी ठरल्या. स्वतःला प्रश्न विचारून आठवणं आणि तोच विषय दिवसांचं अंतर ठेवून परत काढणं या दोन पद्धती वर आल्या. आता तुझी अडीच ते सात ही वेळ आठव आणि त्यात या चारांपैकी काय काय होतं ते स्वतःच बघ.

पण हे तर मी कोणत्याही मुलीला सांगितलं असतं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, जी तू सहज लिहून पुढे गेलीस आणि जिथे मी थांबले. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसीपासून इंग्रजी. तुझे तास गळतात ते इथे.

इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचताना तू दोन कामं करतेस. एक, त्या वाक्यांचा अर्थ लावणं. दोन, त्यातलं अर्थशास्त्र समजून घेणं. पहिल्या कामातच दम जातो. सगळे शब्द लागले, वाक्य उलगडलं, की दमलेलं डोकं म्हणतं झालं एकदाचं पान, चला पुढे. दुसरं काम सुरूच झालेलं नसतं. आपल्या भागात हे घरोघरी आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठेही जा, घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि पदवीची पुस्तकं इंग्रजीत. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना आपण तीन भाषांत पळवतो आणि धाप लागली की म्हणतो, हुशारी कमी पडली. मला याचा फार राग येतो, आणि तो राग मुलांवर नाही.

तर क्रम बदल. आधी अर्थशास्त्र मराठीत समजून घे, मग ते इंग्रजीत लिहायला शीक. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना वेगळा वेळ दे. कसं ते एका पानावर दाखवते. सूक्ष्म अर्थशास्त्रात उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम हा भाग तुला असणारच. पुस्तकात आकृती असते, तीन सरळ रेषा, दोन वक्र, कोपऱ्यांना इंग्रजी अक्षरं, आणि खाली अर्धं पान वर्णन. ते वर्णन एकदाच वाच. मग पुस्तक मीट आणि वहीत मराठीत लिही, आपल्या घराचा हिशेब मांडावा तसं.

घराला महिन्याला 10 किलो तांदूळ लागतो, भाव 60 रुपये किलो. भाव उतरून 50 झाला. तेवढाच तांदूळ आणला तर हातात 100 रुपये उरतात. कमाई वाढली नाही, तरी घर तेवढ्यापुरतं सधन झालं. त्या 100 रुपयांमुळे खरेदीत जो फरक पडेल तो उत्पन्न परिणाम. शिवाय ज्वारीच्या मानाने तांदूळ स्वस्त झाला म्हणून रात्रीच्या भाकरीऐवजी भात होऊ लागला, तर तो पर्यायता परिणाम. भाव उतरला की दोन्ही एकदमच घडतात, मग वेगळे करायचे कसे? 1915 साली स्लट्स्की या अर्थशास्त्रज्ञाने सांगितलं, ते 100 रुपये काढून घ्या. जुनी खरेदी जेमतेम परवडेल एवढेच पैसे घरात ठेवा. तरीही तांदूळ जास्त घेतला गेला तर तो वाढीव तांदूळ निव्वळ पर्यायतेचा. हिक्स हा दुसरा अर्थशास्त्रज्ञ म्हणतो, जुनी खरेदी परवडली नाही तरी चालेल, जुनं समाधान मिळेल एवढे पैसे ठेवा. म्हणून भाव उतरल्यावर हिक्स 100 पेक्षा थोडे जास्तच काढून घेतो.

आता तीच आकृती परत उघड. त्या तीन रेषांपैकी एक जुन्या भावाची, एक नव्या भावाची आणि मधली तुटक रेष म्हणजे पैसे काढून घेतल्यावर उरलेलं घर. दिसली? मग इंग्रजीकडे जा. पुस्तकातली वाक्यं पाठ न करता, वहीतल्या मराठीवरून स्वतःची सहा-सात साधी इंग्रजी वाक्यं तयार कर. लहान वाक्यं. व्याकरण अडलं तर अडू दे, संज्ञा मात्र पुस्तकातली हुबेहूब वापर. अर्थशास्त्राच्या पेपरात गुण पडतात ते बरोबर संज्ञा, नीट आकृती आणि कारण कुठून कुठे गेलं या तीन गोष्टींना. लांबलचक सुंदर इंग्रजीला नाही. एका पानाला असा तासभर लागेल. दिवसाला अशी दोनच पानं झाली तरी तुझ्या सध्याच्या साडेचार तासांपेक्षा जास्त काम होईल, हे मी अगदी जबाबदारीने लिहिते आहे.

मराठी संज्ञा कुठून आणायच्या? महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला सुरू झालेला मराठी विश्वकोश तर आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. एखादा विषय इंग्रजी पुस्तकात डोक्यावरून गेला की आधी विश्वकोशातली त्याची नोंद वाच. नोंदी जुन्या आहेत, आकडेवारी त्यातून घेऊ नकोस, पण संकल्पना समजण्यासाठी उत्तम. आणि तू कर्नाटकात शिकलीस म्हणजे कन्नड वाचता येत असणार. ग्रंथालयात अर्थशास्त्राची कन्नड पुस्तकं असतातच. कन्नड वाक्याची ठेवण आपल्या मराठीसारखी, क्रियापद शेवटी. कित्येकदा इंग्रजीपेक्षा ते पान लवकर उलगडतं. संकोच करू नकोस. ज्ञान ज्या दाराने येईल त्या दाराने येऊ दे.

वर्गात कन्नड माध्यमातून आलेली एखादी मुलगी असेल, बैलहोंगल, सौंदत्ती किंवा गोकाककडची. तिची अडचण नेमकी तुझीच आहे, फक्त घरची भाषा वेगळी. तिला शोध. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, लायब्ररीच्या बाहेर पायरीवर बसून, तू तिला एक मुद्दा समजावून सांग, तिने तुला एक. मोडकंतोडकं कन्नड, मोडकंतोडकं इंग्रजी, हातवारे, काहीही चालेल. समजावताना जिथे तू अडखळशील तिथे वहीत खूण कर, तेवढंच तुला येत नाही असं समज. घड्याळ लावणाऱ्या मुलीचं स्टेटस मात्र म्यूट करून टाक, आजच. तिचंही वाईट वाटतं मला. रोज चारचौघांना तास दाखवायला लागतात म्हणजे तिलाही आतून कसली तरी भीती असणार.

ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा यावर मला पुष्कळ बोलायचं असतं, पण तुझ्यापुरतं एवढंच सांगते. तू तिथे बसायला जातेस. तिथे मागायला जा. काउंटरवर जाऊन मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका माग, बहुतेक ग्रंथालयांत त्या बांधून ठेवलेल्या असतात आणि सेमिस्टर संपत आल्याशिवाय कोणी विचारतही नाही. त्या समोर ठेवून बघ, कोणता प्रश्न फिरून फिरून येतो ते. वाचायला बसण्याआधी प्रश्न वाच. प्रश्न डोक्यात ठेवून उघडलेलं पुस्तक वेगळंच वाचलं जातं. दुसरं, कपाटापाशी जा. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयवार आकडे देऊन लावलेलं ग्रंथालय असेल तर अर्थशास्त्र 330 पासून सुरू होतं. एकाच विषयावरची चार पुस्तकं शेजारीशेजारी उभी असतात, त्यातलं सगळ्यात सोप्या इंग्रजीतलं निवडायचा तुला पूर्ण अधिकार आहे, भले ते बी. ए.चं असो. सरांनी सांगितलेलं जाडजूड पुस्तक त्यानंतर उघड. आणि ग्रंथपालाला विचारायला घाबरू नकोस गं. दिवसभर नुसते शिक्के मारून आम्ही कंटाळलेले असतो, कोणी खरा प्रश्न घेऊन आलं की जीव हरखतो.

इंटर्नलची उत्तरपत्रिका बघितलीस का? पत्रात त्याबद्दल काही नाही, म्हणजे बहुधा गुण ऐकून घेऊन परत आलीस. ती मागून घे. सरांना किंवा मॅडमना एवढंच विचार की या उत्तरात काय कमी पडलं. 'मला गुण कमी का दिले' असं विचारू नकोस, त्याने माणूस बचावाला उभा राहतो. अकरा गुणांच्या उत्तरपत्रिकेत गेलेले नऊ गुण कुठे कुठे गेले हे समजलं की पुढचा महिनाभर काय करायचं ते आपोआप ठरेल. ते नऊ गुण माहिती नसल्यामुळे गेले, की माहिती असून इंग्रजीत उतरली नाही म्हणून गेले, की वेळ पुरला नाही म्हणून? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आता दिवस. दोनला वर्ग सुटले की सरळ लायब्ररीत जाऊ नकोस. आधी खा. अकराला डबा आणि मग रात्री नवापर्यंत पोटात काही नाही, हे वाचून मला तुझ्या मार्कांपेक्षा याची काळजी वाटली. डब्यात दोन भाकऱ्या जास्त घे, नाहीतर कँटीनमध्ये उप्पीट खा, पण खा. अडीच ते साडेतीन एक पान, मी सांगितलं तसं. पंधरा मिनिटं उठून बाहेर फिर. पावणेचार ते पावणेपाच दुसरं पान. शेवटची दहा मिनिटं कालचं आणि आठवड्यापूर्वीचं एकेक पान पुस्तक न उघडता वहीत आठवून लिही. पाचला ऊठ आणि बस धर. सातच्या आसपास तू घरी. सगळ्यांबरोबर जेवायचं, आणि दहाला झोप. रात्रीची झोप ही अभ्यासातून चोरलेली वेळ नाही, दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. सहा तास झोपणारी मुलगी सात तास झोपायला लागली तर तिचा अभ्यास वाढतो.

बसमध्ये पुस्तक उघडू नकोस, खड्ड्यांच्या रस्त्यात डोळे दुखतात आणि मळमळतं. बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात कालचा मुद्दा कोणाला तरी समजावून सांग. तो प्रवासाचा वेळ मग अगदीच वाया जात नाही. शनिवारी विद्यापीठात जायचं बंद कर. वर्ग नसताना एवढा प्रवास कशासाठी? गावात ग्रामपंचायतीचं ग्रंथालय असेल, आता त्याला अरिवु केंद्र म्हणतात, तिथे सकाळी दोन तास बस. बेळगावात काही काम निघालंच तर सार्वजनिक वाचनालयात जाऊन ये. 1848 सालची संस्था आहे ती. बेळगावात मराठी माणूस किती पिढ्यांपासून वाचतोय हे तिथे गेल्यावर अंगावर येतं. रविवारी अभ्यास नको. खरंच नको.

एक तब्येतीचं. पत्रात थकवा हा शब्द नाही, पण सगळ्या पत्रभर तो आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं, आणि दुपारनंतर ओळी डोक्यात न शिरण्याचं ते एक साधं कारण असू शकतं. डोळेही तपासून घे. फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं धूसर दिसत असताना वर्षभर तसंच वाचत राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

हॉस्टेलचं उत्तर थोडक्यात देते. तास वाढवायला हॉस्टेलला जाऊ नकोस. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे तुला बसला पैसे पडत नाहीत, हॉस्टेलला मात्र खोली आणि मेस दोन्हींचे पडतील, आणि त्याचं ओझं तुझ्या मनावर राहील. पण एक गोष्ट विचारात घे. तुझं गाव जांबोटी-कणकुंबीकडचं असेल तर पावसाळ्यात तिकडे काय होतं ते तुला मी सांगायला नको. ओढ्यांना पाणी येतं, मलप्रभा फुगते, बस कधी येईल याचा भरवसा नसतो. त्या दोन-तीन महिन्यांपुरती बेळगावात नातेवाइकांकडे किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर खोलीत सोय होते का ते आतापासून घरी बोलून ठेव. ते तासांसाठी नाही, वर्ग बुडू नयेत म्हणून.

राहिले वडील. त्यांच्या प्रश्नाने तुला लागलं, ते साहजिक आहे. पण त्यांच्या जागी उभी राहून बघ. तू काय शिकतेस हे त्यांना दिसत नाही, तू कधी जातेस आणि कधी येतेस एवढंच दिसतं. मुलगी अंधार पडल्यावर दोन बस बदलून येते, तोवर त्यांचं निम्मं लक्ष रस्त्याकडे असतं. तो प्रश्न रागाचा कमी आणि काळजीचा जास्त होता असं मला वाटतं. तुझं हे राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झालं. त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, आणि एम. ए. म्हटलं की गावाकडच्या पुष्कळ जणांच्या डोळ्यांपुढे धारवाड नाहीतर कोल्हापूर यायचं. मुलीला तेवढं लांब कोण पाठवणार? तुझ्या घरातली तू पहिली मुलगी असशील एवढी शिकणारी, तर वडिलांना या शिक्षणाचं माप कशाने काढायचं हेच माहीत नाही. ते माप तू त्यांना दे. तांदळाच्या भावाचा तो हिशेब त्यांना सांग. शेतात पिकवणाऱ्या आणि बाजारात विकणाऱ्या माणसाला तो तुझ्या सरांइतकाच कळेल, कदाचित ते तुला असा एखादा प्रश्न विचारतील की तुला परत पुस्तक उघडावं लागेल. आणि त्यांना सरळ सांग की बाबा, मी बसायचे खूप पण बसायची पद्धत चुकत होती, आता पाचच्या बसने येणार आहे, पुढच्या इंटर्नलपर्यंत मला वेळ द्या. पाचला निघून येणाऱ्या मुलीवर ते आधी शंका घेतील. घेऊ देत. वहीतली मराठी पानं त्यांना दाखव. अक्षर तर त्यांना वाचता येईल.

पहिले आठ-दहा दिवस जड जातील, हे आधीच सांगून ठेवते. पुस्तक मिटून लिहायला बसलं की पहिल्यांदा दोन ओळीसुद्धा येत नाहीत आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटून रडू फुटतं. तेव्हा परत वाचत बसण्याचा मोह होईल, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटतं. त्या मोहात पडू नकोस. दोन ओळी आल्या तर दोन ओळी, पुस्तक उघड, काय राहिलं ते वेगळ्या शाईने लिही, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान परत काढ. चार ओळी येतील.

दुसरी इंटर्नल झाली की तीही उत्तरपत्रिका मागून घे आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघ. मला कळव. गुण कळवलेस तरी चालेल आणि नाही कळवलेस तरी, पण ज्या इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द सापडत नाहीत त्यांची यादी मात्र नक्की पाठव. कोश माझ्याकडे आहेत, आणि अडलं तर विचारायला अर्थशास्त्र शिकवलेल्या दोन-तीन जुन्या सहकारी मैत्रिणीही आहेत.